रसद चालत येईल!

नोकरीत साहेब व्हायचं असेल, तर जपानचे लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांचं चरित्र अभ्यासावं. १९३७ साली पेकिंगजवळ मार्को पोलो पुलावर चिन्यांशी चकमक उडाली, तेव्हा तिथली जपानी रेजिमेंट यांच्याच हाताखाली होती. त्यातून चीनशी युद्ध पेटलं. सुरुवात आपली, तर शेवटही आपल्याच हातून व्हावा, म्हणून मार्च १९४४ मध्ये ते ब्रह्मदेशातून ब्रिटिशांच्या इंफाळवर निघाले. २९ एप्रिलपर्यंत, म्हणजे सम्राटांच्या वाढदिवसापर्यंत, इंफाळ घ्यायचंच होतं.

वाटेत चिंदविन नदी, डोंगर, जंगल आणि पुढ्यात पावसाळा. रसद पोचणार नाही, असं त्यांचे चीफ ऑफ स्टाफ ओबाता आधीच म्हणाले होते. साहेबांनी अडचण तत्काळ दूर केली: ओबातांनाच हलवलं. रसदीवरचा तोडगाही फक्कड होता. हजारो गुरं हाकत न्यायची. आधी ओझं वाहतील, मग पोटात जातील. ही योजना गुरांना मात्र कुणी समजावली नव्हती. कित्येक चिंदविनमध्येच बुडाली, कित्येक डोंगरात गेली. उरला सैनिकांजवळचा जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा. त्यातले मोलाचे दिवस वाटेतल्या सांगशाकला भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीने खाल्ले.

मोहीम सुरू झाली तरी साहेबांचं मुख्यालय मेम्योच्या थंड हवेतच होतं. तिन्ही डिव्हिजनच्या सेनापतींशी त्यांचं बिनसलं. तिघांनाही घरचा रस्ता दाखवला. त्यांपैकी कोहिम्याच्या आघाडीवरच्या सातोंनी उपाशी जवान हुकमाविना मागे आणले. त्यांच्यावर खटला नाही चालवला. खटल्यात माणसं बोलतात. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, असं ठरवून टाकलं.

जूनमध्ये साहेबांचे वरिष्ठ, लेफ्टनंट जनरल कावाबे, भेटीला आले. माघार घेऊ का, हे विचारायचं साहेबांच्या जिभेवर होतं. पण ते चेहऱ्यावरून ओळखतील, या आशेवर साहेब गप्प राहिले. कावाबेंनीही विचारलं नाही. दोघांचीही अब्रू शाबूत राहिली आणि माघारीचा हुकूम जुलैत निघाला. सुमारे ८५,००० सैनिकांपैकी ३०,००० च्या आसपास मेले, त्यातले बरेचसे भुकेने आणि रोगाने. परतीच्या वाटेला जवानांनी हाडांचा रस्ता असं नाव दिलं.

आणि साहेब? डिसेंबरमध्ये निवृत्त. जानेवारी १९४५ मध्ये सन्मानाने परत बोलावून लष्करी शाळेचे मुख्याध्यापक!

तेव्हा वाचकहो, तुमच्या कचेरीतल्या एखाद्या ओबाताची अचानक बदली झाली, तर पेढे मागू नका. घरी जा आणि शिधा मोजा.