वॉटरप्रूफ दाजी

बूट विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी 'निघालात कुठे?' असं विचारावं, असा कायदा हवा. आमच्या दाजींना ते कुणी विचारलं नाही. दाजींनीही सांगितलं नाही. ते नुसतं 'बेस्ट दाखवा' म्हणाले. असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदाराचा हात सगळ्यात वरच्या फळीकडे जातो. तिथून घोट्याच्या वर जाणारं, जाड चामड्याचं, आतून पडदा लावलेलं एक प्रकरण खाली आलं. जोडीचं वजन दीड किलो.

"बर्फातसुद्धा पाय कोरडा राहील, साहेब."

ऑक्टोबरच्या अखेरीस भीमाशंकरला चढणाऱ्या खांडसच्या गणेश घाटात बर्फ किती पडतो, असं ताईने विचारलं. पण तोवर कार्ड घासून झालं होतं.

ताईच्या पायात कॅनव्हासचे हंटर बूट होते. माझे जाळीचे, घोट्याखालचे, जोडी जेमतेम सहाशे ग्रॅमची. दाजींनी त्यातला एक चिमटीत उचलला आणि "हे बाथरूमला जायचे का?" म्हणून चौकशी केली. मग कर्जतपासून खांडसपर्यंत जीपमध्ये पडद्याचं व्याख्यान झालं. १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन माणसाने तापवलेली टेफ्लॉनची कांडी हिसका मारून ताणली. त्यातून असा पदार्थ निघाला की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते.

"टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं ना?" ताईने विचारलं.

"तेच."

"मग बरोबर आहे. तुम्ही तवा घातलाय. गॅस वरून लागेलच."

गॅस साडेनऊलाच लागला. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, झाडं हिरवी आणि वारा गायब, अशी ती ऑक्टोबरची खास दुपार सकाळीच सुरू झाली. पडद्यातून वाफ बाहेर पडते हे खोटं नाही. पण त्यासाठी बाहेरची हवा बुटातल्यापेक्षा बरीच कोरडी आणि गार हवी. कोकणातून वर येणाऱ्या दमट हवेत वाफेला बाहेर जायचं काही कारणच उरत नाही. त्यातून दाजींचे मोजे सुती. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. पदरगडाच्या पायथ्याशी दाजी बसले तेव्हा त्यांच्या पायांतून 'चुळूक' असा आवाज आला.

"घाम आहे," मी म्हणालो.

"कंडेन्सेशन," दाजी म्हणाले.

पायातला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतका दमवतो असं जाणकार सांगतात. म्हणजे आमचा डबा आणि पाणी माझ्या पाठीवर असूनही खरा हमाल दाजीच होते.

पुढे ओढा लागला. ताई दगडांवरून गेली. दाजी मात्र पैसे वसूल करायचे म्हणून मधूनच, छाती काढून निघाले. तिसऱ्या पावलाला पाणी बुटाच्या गळ्यातून आत गेलं. आत गेलेलं पाणी बाहेर सोडायची पडद्याला सवय नसते. आमच्या वाटाड्याने दाजींनी उलटा केलेला बूट निरखून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "सायेब, यात किती मावतं?"

व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या अमेरिकन लष्कराने आपल्या बुटांना बाजूने मुद्दाम भोकं ठेवली होती, शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. ही माहिती मी त्याच वेळी द्यायला नको होती, असं ताईचं मत आहे.

ओढ्यात भिजलेले माझे जाळीचे बूट मात्र अर्ध्या तासात सुकले. मी ते बोलून दाखवणार एवढ्यात सुकलेल्या गवताचा पट्टा आला आणि दाजींचे दिवस फिरले. जाळीतून हवा येते तसं कुसळही येतं. कुसळ ही फार हुशार वस्तू आहे. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली बारीक लव, म्हणजे आत शिरलं की मागे येत नाही. आणि शेपूट पिळाची. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि टोक स्क्रूसारखं आत फिरतं. ओल माझ्या मोज्यात भरपूर होती. दर शंभर पावलांना मी एका पायावर उभा आणि दाजी शेजारी, कंबरेवर हात ठेवून, "श्वास घेतोय ना बूट?"

वर भीमाशंकरच्या अभयारण्यात दाट सावली मिळाली. शेकरूही दिसला. दाजींना दिसला नाही, ते मोजे पिळत होते.

तेव्हा उन्हाळी जंगलासाठी बूट घेणाऱ्यांनो, हलका घ्या, जाळीचा घ्या, पण जाळी घट्ट विणीची बघा. तळ नीट खाचांचा हवा, कारण सह्याद्रीतला सुका मुरूम ओल्या शेवाळाइतकाच दगा देतो. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. आणि उतारावर बोटं पुढे आपटू नयेत म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा.

शिवाय एक जोडी विकणे आहे. नंबर नऊ, अस्सल चामडं, एकदाच वापरलेली, आतून अजून थोडी ओली. लडाखला जाणाऱ्यांना प्राधान्य.