गद्य नाटकाला जाणाऱ्या संगीत रसिकासाठी सूचना

ज्यांचा कान नांदीवर पोसला आहे, ऑर्गनचा पहिला सूर लागताच ज्यांची मान डोलू लागते आणि 'गद्य' हा शब्द जे 'अळणी' म्हटल्यासारखा उच्चारतात, त्या रसिकांसाठी या सूचना आहेत. गंभीर गद्य नाटक पाहण्याचा प्रसंग अशा माणसावर कधी ना कधी येतोच. बहुधा जावई परस्पर तिकिटे काढतो आणि संध्याकाळी फोन करतो, "बाबा, 'वाडा चिरेबंदी' लागलंय. तुम्ही आणि आई यायचंच." जावयाला नाही म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही. तेव्हा जाणे प्राप्त आहे. जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. पूर्वतयारी

दाराशी पदांचे पुस्तक मागू नये. एके काळी ते मिळत असे आणि पद चुकले तर रसिक नटाला पान दाखवू शकत असे. ती सोय आता नाही. शाल मात्र जरूर न्यावी, कारण वातानुकूलन गद्य-संगीत असा भेद करत नाही.

नाटक किती तास चालेल, या चिंतेने खचू नये. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' 1985 साली रंगभूमीवर आले. पुढे त्याला 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगांत' जोडून चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 साली तिन्ही नाटके सलग केली, तेव्हा सगळा मामला आठ-नऊ तासांचा झाला. पुष्कळ लोकांनी याचे नवल केले. ज्यांचे आजोबा संगीत नाटकातली भैरवी ऐकून थेट दूध घेऊन घरी यायचे, त्यांनी नवल करण्याचे कारण नाही. बैठकीच्या बाबतीत संगीत रसिकाइतका तयार प्रेक्षक गद्य नाटकाला शोधून सापडणार नाही.

2. आसनग्रहण

संगीत नाटकात नांदी, मग सूत्रधार, मग नटी आणि मग कथानक, एवढा अवधी असतो. उशिरा येणाऱ्याला तेवढ्यात खुर्ची शोधून, शेजाऱ्याची विचारपूस करून स्थिरावता येते. गद्य नाटकात तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो आणि बनियन घातलेला एक गृहस्थ पेपर वाचत बसलेला दिसतो. तो मंडपवाला नाही. नाटक सुरू झाले आहे.

रंगमंचासमोर मान उंचावून ऑर्गन आणि तबला शोधू नयेत. ते नाहीत. मागच्या रांगेतल्या बाईंना त्यामुळे काही दिसत नाही आणि त्या तसे बोलून दाखवतात.

3. नाटक चालू असताना

(अ) ठेका. खुर्चीच्या हातावर बोटे ठेवू नयेत. रिकामी बोटे तीनतालाकडे वळतात. रंगमंचावर बाप-मुलगा वाटणीवरून भांडत असताना सातव्या रांगेतून 'ना धिं धिं ना' ऐकू आले, तर वाटणी लांबते.

(आ) थांबणे. एखादे पात्र बोलता बोलता थांबते. खिडकीशी जाते, गज धरते, परत येते, तांब्यातले पाणी भांड्यात ओतते, पीत नाही, भांडे खाली ठेवते. संगीत रसिकाला वाटते की आता याला सूर दिला जाणार. कोणी देत नाही. नट वाक्य विसरला असेही नाही, तेव्हा आपण खालून प्रॉम्प्टिंग करू नये. ही जागा आहे. गायकाने जागा घेतली की आपण 'वा' म्हणतो. इथे जागा नटाने घेतलेली असते आणि 'वा' आपल्या पोटात ठेवायचा असतो.

(इ) वन्स मोअर. सर्वांत कडक सूचना ही. सौभद्रात सुभद्रेला वन्स मोअर मिळाला तर ती पद पुन्हा म्हणते आणि अर्जुन तेवढा वेळ चेहरा करून उभा राहतो. गद्य नाटकात बायकोच्या कानशिलात मारलेली चपराक कितीही सुरेख बसली तरी पुन्हा मागता येत नाही.

(ई) प्रश्नोत्तरे. 'वाडा चिरेबंदी'तली म्हातारी दादी सारखी किती वाजले ते विचारते. रसिकाने मनगटावरच्या घड्याळात पाहून उत्तर देऊ नये. प्रश्न आपल्याला नाही.

4. कथानकाची सवय

संगीत नाटकाला जाताना गोष्ट घरूनच पाठ असते. सुभद्रा कोणाला माळ घालणार, हे 1882 पासून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण ते कळून घ्यायला जात नाही, आज ते कसे गायले जाणार हे ऐकायला जातो. गद्य नाटकात पुढे काय होणार ते खरोखरच ठाऊक नसते आणि शेजारच्याला विचारायची सोय नसते. पहिल्या अर्ध्या तासात कोण कोणाचा भाऊ हे नीट लावून घ्यावे. वाटणीच्या नाटकात पुढे सगळे त्यावरच असते.

'आम्हाला रडकी नाटके सोसत नाहीत,' ही सबब मात्र सांगू नये. ती टिकत नाही. 1919 सालच्या 'एकच प्याला'त तान्हे मूल जाते, सिंधू जाते, शेवटी सुधाकर विष घेतो आणि आपण बाहेर पडताना सिंधूचे पद गुणगुणत रिक्षा ठरवतो. दुःख आपल्याला सोसते, फक्त त्यातून सुरावर बसून बाहेर पडायची सवय झालेली आहे. गद्य नाटक ती वाट ठेवत नाही. म्हणून तर आपण त्याला अळणी म्हणतो. वस्तुतः ते फार तिखट असते आणि वर पाणी मिळत नाही.

5. मध्यंतर

बटाटेवडा दोन्ही पंथांत समान आहे. वडा खाताना जावई 'कसं वाटतंय?' म्हणून विचारेल. पुढीलपैकी एक वाक्य वापरावे: 'पात्रं चांगली उभी केली आहेत', 'प्रकाशयोजना बोलकी आहे', 'दुसऱ्या अंकात बघू.' 'आवाज छान आहे, गातो का?' हे वाक्य टाळावे.

मध्यंतरानंतर पदे येतील, ही आशाही धरू नये. तसा दाखला आहे, नाही असे नाही. देवलांचा 'संशयकल्लोळ' आधी निव्वळ गद्य होता. त्याला पदे जोडली गेली आणि 1916 साली तो गंधर्व नाटक मंडळीने संगीत करून उभा केला. पण त्या कामाला वर्षे लागली होती. वडा खाऊन होईपर्यंत ते जमणार नाही.

6. गाणी असलेली गंभीर नाटके

जावई चतुर असेल तर म्हणेल, "बाबा, गाणी आहेत यात," आणि 'घाशीराम कोतवाल'ला नेईल. त्यात अभंग आहे, लावणी आहे, भास्कर चंदावरकरांचे संगीत आहे आणि गाणाऱ्या ब्राह्मणांची रांग पडद्याचे काम करते. मान डोलायला लागते. डोलू द्यावी. थोड्या वेळाने लक्षात येते की ज्या चालीवर आपण डोललो तिच्याच आडून एका माणसाचे हाल चालले होते. तेंडुलकरांनी 1972 साली हा सापळा मुख्यतः आपल्यासारख्यांसाठीच लावला असावा.

7. पद कसे ओळखावे

या सगळ्यातून रसिकाचा असा समज होईल की दोन्ही रंगभूम्यांचे काही नाते नाही. तो चुकीचा आहे. ज्या खाडिलकरांनी 1907 साली 'कीचकवध' हे गद्य नाटक लिहिले आणि त्यातला कीचक सरकारला लॉर्ड कर्झनसारखा दिसल्यामुळे बंदी ओढवून घेतली, त्याच खाडिलकरांनी 1911 साली 'मानापमान' लिहिले. लेखणी तीच होती.

गद्य नाटकातही पद असते, फक्त पेटी नसते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' पाहावे. 1967 साली 'रंगायन'ने ते केले, तेव्हा त्यातल्या बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. शेवटच्या अंकात तिला आरोपी म्हणून बोलायला वेळ देतात. प्रकाश बदलतो, बाकीची माणसे आहेत तिथे थिजतात आणि ती एकटी बोलत सुटते. बोलून झाल्यावर कोर्ट जणू काही ऐकलेच नाही असे पुढे चालू लागते. आता सौभद्र आठवावे. सुभद्रा गाते तेव्हाही काळ थांबतो, बाकीचे उभे राहतात आणि पद संपले की गोष्ट सोडली तिथून पुढे निघते. बेणारेचे स्वगत ऐकताना कोणी खोकत नाही. तेवढी शांतता मोठमोठ्या गवयांना मिळत नाही. ज्याला विलंबित ख्याल ऐकता येतो, त्याला हे स्वगत ऐकायला नव्याने काही शिकावे लागत नाही. जावयाला हे सांगण्याची गरज नाही.

8. परतफेड

घरी येताना गुणगुणायला काही मिळणार नाही. गाडीत रेडिओ लावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रे चहाच्या वेळी आठवू लागतील आणि धाकट्या भावाचे चुकले की थोरल्याचे, यावरून घरात मतभेद होतील. हे प्रकृतीला घातक नाही. नाटक लागू पडल्याची ती खूण आहे. आवडले असल्यास तिकीटखिडकीवर जाऊन पुन्हा तिकीट काढावे. गद्य नाटकाला वन्स मोअर तिथेच देतात आणि तो स्वखर्चाने द्यावा लागतो.

त्यानंतर लगेच सौभद्राची दोन तिकिटे काढून जावयाला फोन करावा. त्याच्यासाठीच्या सूचना वेगळ्या आहेत. त्यांतले पहिले कलम एवढेच: सुभद्रा तान घेत असताना 'आई-बाबा, पण हिचं लग्न कधी होणार?' असे विचारू नये.