सीनिअरचा रेझ्युमे, आपलं नाव

शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट सेलची नोटीस लागते : 'दहावी, बारावी, डिग्री ६० टक्के. अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग नको. उद्या दुपारी १२ पर्यंत रेझ्युमे अपलोड करणे.' टक्क्यांचं आता काही करता येत नाही. राहता राहिला रेझ्युमे, तर तो स्वतः लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. प्लेसमेंट झालेल्या सीनिअरकडून वर्डची फाईल मागून घ्यावी आणि वरचं नाव बदलावं. घाईत वडिलांचं नाव सीनिअरच्याच वडिलांचं राहून जातं. राहू द्यावं, मोठ्या माणसांचा आशीर्वाद असलेला बरा.

पहिला मथळा 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'. त्याखाली नामांकित संस्थेत, आव्हानात्मक वातावरणात, स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधण्याचं जे वाक्य असतं, त्याला हात लावू नये. ते सिव्हिललाही बसतं, आयटीलाही बसतं. तिथे 'मला पुलांच्या डिझाइनचं काम करायचं आहे' असं लिहून बसलात, तर समोरच्याला तुम्हाला काय हवंय ते कळेल आणि तो पुलांबद्दल विचारील.

फोटो हवाच, आणि तो कोटातला. कोट स्टुडिओवाल्याकडे असतो. एकच असतो, सगळ्या बॅचला तोच, आणि पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून तो तुमच्या मापाचा केला जातो. फोटो काढून होईपर्यंत वळू नये.

जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, मु. पो., ता., जि. सकट कायमचा पत्ता, सगळं द्यावं. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणेल, इकडे फोटो, वय, लग्न यातलं काही रेझ्युमेत घालत नाहीत. त्याचं बरोबर आहे, पण त्याच्या मागे मावशी लागलेली नाही. वर गणपती आणि खाली रास-नाडी टाकली की आपली हीच फाईल तिलाही पाठवता येते.

मोठ्या कंपन्यांत हल्ली रेझ्युमे बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअरच्या हाती पडतो. साधा सरळ मजकूर ते नीट उचलतं, टेबलं, दोन रकाने आणि चित्रं आली की अडखळतं. तेव्हा दोन रकाने करावेत. डावीकडच्या रकान्यात निळ्या पट्ट्या काढाव्यात : जावा ८० टक्के, पायथन ७५ टक्के, टीमवर्क १०० टक्के. उरलेलं २० टक्के जावा कोणतं, असं कुणी विचारलंच, तर ते सिलॅबसला नव्हतं म्हणावं.

आता प्रोजेक्ट. इथे खरं कसब लागतं. चौघांचा ग्रुप असतो. एकाने कोड लिहिलेला असतो, एकाने रिपोर्ट, एकाने बाइंडिंग करून आणलेलं असतं आणि चौथा व्हायव्हाला आलेला असतो. रेझ्युमेत चौघेही 'टीम लीडर' असावेत. समजा, तुम्ही स्मार्ट डस्टबिन केलात. हात जवळ नेला की सेन्सरला कळतं आणि छोटी मोटर झाकण उघडते. याला 'आयओटी आधारित शाश्वत घनकचरा व्यवस्थापन प्रणाली' म्हणावं. खरी गोष्ट लिहू नये. खरी गोष्ट अशी, की मोटर फिरली रे फिरली की आर्डुइनो बोर्ड रीसेट व्हायचा. दोन रात्री कोड तपासला, कोडमध्ये काही सापडेना. शेवटी कळलं, मोटर एकदम जास्त करंट ओढते आणि बोर्डाचं व्होल्टेज पडतं. मग मोटरला वेगळी पॉवर दिली आणि झाकण उघडलं. या दोन ओळी चुकून रेझ्युमेत गेल्या, तर मुलाखत घेणारा खुर्चीत पुढे सरकतो, वेगळी पॉवर दिल्यावर ग्राउंड जोडलं होतंत का विचारतो, आणि पाठ करून नेलेलं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' तसंच राहून जातं.

गणपती मंडळाचे दोन वर्षं खजिनदार होतात, हेही कापावं. वर्गणी न देणाऱ्या तिसऱ्या मजल्याकडून ती काढली, मांडववाल्याला ॲडव्हान्सवर थोपवलं, विसर्जनानंतर पावतीपुस्तकं आणि रोकड जुळवून दाखवली. पण ही काय स्किल्स झाली? 'पुरुषोत्तम'च्या एकांकिकेला लाइट्स सांभाळल्या, तेही नको. त्या जागी लिहावं : वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट. (शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, याचं उत्तर तेवढं ठरवून जावं. इंजिनिअरिंगचं धरत नाहीत.)

तळाशी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण आणि दिनांक. दिनांक सीनिअरचा असतो. तेवढा मात्र बदलावा.

कव्हर लेटरच्या बाबतीत एका माणसापासून सावध राहावं. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे कामासाठी अर्ज केला. त्याचा मसुदा आजही आहे. समोरच्याला लढायांची चिंता, हे ओळखून गड्याने उचलून नेता येणारे पूल, तोफा, चिलखती गाड्या असं एकेक कलम मांडलं, आणि आपण चित्रंही काढतो हे अगदी शेवटी सांगितलं. ही खोड लागली तर प्रत्येक कंपनी काय करते ते आधी वाचावं लागेल. एका रात्रीत ४० कंपन्या व्हायच्या कशा? त्यापेक्षा 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' एवढं लिहून चाळीसही पत्ते 'टू'च्या चौकटीत एका खाली एक टाकावेत. आपण इतर कुठे कुठे अर्ज केलाय, तेही प्रत्येकाला आपोआप कळतं.

रेझ्युमे जोडायला विसरावं. दहा मिनिटांनी 'सॉरी सर, अटॅचमेंट राहिली' म्हणून पुन्हा पाठवावा. तेवढंच तुमचं नाव त्यांच्या डोळ्यांखालून दोनदा जातं.