साडूभाऊंची उजवी सीट

ठाण्याच्या नौपाड्यात गाडी असणं आणि गाडी चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी बऱ्याच जणांकडे असते, पण बाहेर काढली की जागा जाते. मग संध्याकाळी गोखले रोड ते घंटाळी अशा चकरा मारायच्या, शेवटी 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा काढली जाईल' या पाटीखालीच ती लावायची आणि रात्रभर हवेच्या काळजीत कूस बदलत राहायचं. त्यापेक्षा रिक्षा परवडते. आमच्या साडूभाऊंची पांढरी सेडान विष्णुनगरात बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असते. रविवारी सकाळी ते कव्हर काढतात, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करतात, एसी लावून पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात, पुन्हा कव्हर घालतात आणि वर येऊन म्हणतात, "जरा गाडी काढली होती."

त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, रोज स्वतःच्या छोट्या गाडीने ऐरोलीला ऑफिसला जातात. गाडी रात्री गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगमध्ये असते. पण ती कामाची गाडी. घरात 'गाडी' म्हटलं की कव्हरखालची.

तेव्हा युरोपला जायचं ठरलं आणि साडूभाऊंनी पहिलंच वाक्य टाकलं, "तिथे गाडी घेऊ. सेल्फ ड्राइव्ह," यात नवल नव्हतं. ग्रुप टूर नको हे आधीच बहुमताने ठरलं होतं. पहाटे सहाला वेक-अप कॉल, सातला ब्रेकफास्ट, आठला बस, हे सासूबाईंना मान्य होतं, पण बाकीच्या चौघांना नव्हतं.

मी रेल्वेच्या बाजूचा. ठाणेकराला दुसरी बाजू घेताच येत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती ठाण्याला यायला. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. चौतीस किलोमीटरला सुमारे सव्वा तास. हे मी मामलेदारच्या मिसळीवर बसून नीट सांगितलं, तर साडूभाऊ नाक पुसत म्हणाले, "चारशेच माणसं होती ना? मग बसायला मिळालं असेल."

यावर उत्तर नव्हतं. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी माझा विजय धरलं आणि पुढे गेलो.

वाद मात्र सोपा नव्हता. साडूभाऊंनी जर्मन रेल्वेचा आकडा काढला: २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या साडेबासष्ट टक्के. शिवाय सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. मी स्वित्झर्लंडचा काढला: तिथे तीन मिनिटांचं माप लावूनही त्र्याण्णव टक्क्यांच्या वर. "म्हणजे स्वित्झर्लंडला जाताय असं धरूनच चाललात तुम्ही!" साडूभाऊ म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. गाडी की रेल्वे हा वाद खरं म्हणजे इटली की स्वित्झर्लंड असा होता, आणि त्यात व्हिसाने आणखी पाचर मारली. शेंगेनचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. सोबत हॉटेलांची बुकिंगं, दिवसवार कार्यक्रम आणि तीस हजार युरोंचा विमा. एरवी आमच्या घरचे वाद वर्षानुवर्षं टिकतात. हा व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या तारखेपर्यंतच टिकणं भाग होतं.

स्वित्झर्लंडात साडूभाऊंची बाजू लंगडी पडली. आम्हाला राहायचं होतं वेंगेनला, आणि वेंगेनला मोटारीचा रस्ताच जात नाही. म्युरेनचं तेच. झरमॅटला जायचं तर पाच किलोमीटर अलीकडे टॅशला गाडी ठेवा आणि पुढे रेल्वेनेच जा. "म्हणजे भाडंही द्यायचं, पार्किंगही द्यायचं आणि वर तिकीटही काढायचं," माझी बायको म्हणाली. वर तिथल्या हमरस्त्यावर बाहेरची गाडी नेली की चाळीस फ्रँकचं विनेट, म्हणजे टोलची पावती. ते अख्ख्या वर्षाचंच मिळतं, दोन दिवसांचा भाग कापून देत नाहीत. उलट स्विस ट्रॅव्हल पास एकदा घेतला की रेल्वे, बस, शहरातल्या ट्राम, तलावातल्या बोटी सगळं आत. युंगफ्राउयोखसारख्या उंच ठिकाणी नुसती सवलत देतात, पण तेवढं चालतं.

इटलीत मात्र माझी बोलती बंद झाली. टस्कनीतल्या टेकड्यांवरची गावं रेल्वेने बघायची म्हणजे गाव वर आणि स्टेशन खाली. मधल्या बसचं वेळापत्रक शाळेच्या मुलांसाठी आखलेलं. सासूबाईंचे गुडघे, पाच बॅगा आणि चढ. शेवटी ठरलं: स्वित्झर्लंड रेल्वेने, टस्कनी गाडीने, आणि स्वित्झर्लंडात एक रात्र जास्त. साडूभाऊ दुसऱ्याच दिवशी आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करून आले. हजार रुपये, एक वर्षाची मुदत. "एक जास्तीचा असावा" म्हणून ताईंचाही काढला. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत दूरदर्शी खर्च, पण तो त्यांनी कशासाठी केला हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

स्विस रेल्वेबद्दल मी फार लिहीत नाही. ज्याला चालत्या गाडीतून उतरायची सवय आहे त्याला तिथे करण्यासारखं काही नसतं. गाडी येते, थांबते, दार उघडतं. तिथली पहिली रेल्वे १८४७ ची, झुरिक ते बाडेन. म्हणजे आपल्या आधी सहा वर्षं. बाडेनचा एक गोड पदार्थ ताजाताजा झुरिकला पोचायचा म्हणून लोक तिला त्या पदार्थाच्याच नावाने ओळखू लागले. त्या न्यायाने ठाण्याच्या गाडीला 'मिसळ लोकल' म्हणायला हरकत नव्हती. सासूबाईंनी एका बाकाच्या कडेला दोन इंच जागा ठेवली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "चौथा कोणी आला तर?"

एक गंमत मात्र घडली. इंटरलाकेन ओस्टहून वर जाणारी गाडी त्स्वाइल्यूत्शिनेन नावाच्या स्टेशनवर चक्क दोन तुकड्यांत फुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, तिथून आम्हाला वेंगेनची दात्यांची रेल्वे पकडायची होती. दुसरा जातो ग्रिंडेलवाल्डला. कुठला डबा कुठे जाणार हे फलाटावर लिहिलेलं असतं. कर्जत का कसारा हे विचारल्याशिवाय पाय न ठेवणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही. पण साडूभाऊंना लोकल सोडून बरीच वर्षं झाली होती. आमच्या डब्यात खिडकी रिकामी नव्हती म्हणून ते बॅग आणि गूळपोळ्यांचा डबा घेऊन पुढच्या मोकळ्या डब्यात जाऊन बसले. त्स्वाइल्यूत्शिनेनला एक बारीकसा धक्का बसला आणि मला समोरच्या खिडकीतून, दुसऱ्या दरीकडे वळत जाणारे, हात हलवणारे साडूभाऊ दिसले. त्यांना वाटलं, आम्हीच चुकलो. ते हात हलवून आम्हाला उतरायला सांगत होते.

फोनवर ताईंनी दोनच शब्द उच्चारले, "परत या." ते आले, बऱ्याच वेळाने. डबा हलका झाला होता. "आयगर पाहून आलो, उत्तरेची भिंत," असं म्हणाले, जणू ठरवूनच गेले होते.

इटलीकडे जाताना लोच्बेर्गचा चौतीस किलोमीटरचा बोगदा आणि पाठोपाठ जवळजवळ वीस किलोमीटरचा सिंप्लॉन लागला. सिंप्लॉन १९०६ चा, आपल्या पारसिकहून दहा वर्षांनी थोरला. सासूबाईंची अर्धी हयात डोंबिवलीत गेलेली, बोगदा म्हणजे पारसिक, म्हणजे दीड-दोन मिनिटं. या बोगद्यात त्यांनी जपाला घेतलेली माळ संपली, दुसऱ्यांदा संपली. मग त्यांनी ती पर्समध्ये ठेवून दिली आणि म्हणाल्या, "उजेड आला की सांगा."

फ्लॉरेन्सला साडूभाऊंचा दिवस उजाडला. विमानतळाजवळचं गाड्या भाड्याने देणारं ऑफिस. साडूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरवर परवाना ठेवला, आंतरराष्ट्रीय परवाना ठेवला, पासपोर्ट ठेवला, व्हाउचर ठेवलं आणि मग आपलं कार्ड ठेवलं. मुलीने कार्ड उलटंसुलटं केलं. डेबिट. अनामत रक्कम अडकवून ठेवायला क्रेडिट कार्डच लागतं, आणि तेही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. साडूभाऊ आयुष्यभर क्रेडिट कार्डाच्या विरोधात बोलत आलेले. उधारीचा धंदा नको, हे त्यांचं तत्त्व. ते तत्त्व त्यांनी मुलीला इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. मुलगी हसून पुढच्या माणसाकडे पाहू लागली.

तेव्हा ताईंनी पर्स उघडली. क्रेडिट कार्ड ठेवलं. त्याखालून आंतरराष्ट्रीय परवाना काढला.

"जास्तीचा ड्रायव्हर नोंदवायचा का? रोजचे वेगळे पैसे पडतील," मुलीने विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. ऐरोलीला जातात तितक्याच सहज.

माझ्या बायकोने बाहेर येता येता सांगितलं की मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तोही बाईनेच. बेर्था बेंझ, १८८८, मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरावर किलोमीटर, दोन मुलांना घेऊन, आणि ज्याने मोटार बनवली त्या नवऱ्याला न सांगता. वाटेत इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. साडूभाऊ म्हणाले, "त्या वेळी क्रेडिट कार्ड नव्हतं." आणि सवयीने उजव्या बाजूचं दार उघडून आत बसले.

समोर स्टिअरिंग नव्हतं. हात ठेवायला काही नव्हतं. त्यांनी ते मांडीवर ठेवले.

इटलीत ताईंनी पहिली दहा मिनिटं गिअर टाकायला म्हणून डावा हात दारावर आपटला, आणि प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर फिरवले. लख्ख उन्हात आमची गाडी काचा पुसत वळायची. मागच्या गाड्या लांबूनच थांबायच्या, त्यामुळे काम भागत होतं. पुढे हात बसला. साडूभाऊंचा पाय मात्र शेवटपर्यंत बसला नाही. दर चौकात ते उजवा पाय पत्र्यावर दाबत. मागे सासूबाई मधे, एका बाजूला बायको, दुसरीकडे मी, आणि माझ्या मांडीवर एक बॅग, कारण 'कॉम्पॅक्ट' वर्गाच्या डिकीत चारच्या वर गेल्या नाहीत.

पहिल्या पेट्रोल पंपावर आम्ही ठाण्यात 'तीन पेट्रोल पंप' नाक्यावर थांबतो तसे थांबलो, म्हणजे काच खाली करून, आत बसून. एक काका आले, पेट्रोल भरलं, काचही पुसली. सगळे खूश. बिल पाहिल्यावर कळलं की स्वतः भरण्याचा दर वेगळा आणि माणसाने भरून देण्याचा वेगळा, आणि आपण माणसाच्या रांगेत होतो. साडूभाऊंनी फरकाचे रुपये केले आणि काच पुसल्याचे त्यातून वजा केले.

मग त्यांनी रेषांचं खातं घेतलं. इटलीत पांढरी रेषा म्हणजे फुकट पार्किंग, निळी म्हणजे पैसे, पिवळी म्हणजे स्थानिकांसाठी राखीव. नौपाड्यात मुरलेल्या माणसाला हे शास्त्र आपोआप येतं. "पांढरी! पांढरी!" असं ओरडत ते आम्हाला सिएनाच्या बाहेरच्या एका झाडाखाली घेऊन गेले. झाडाची सावली, फुकट, जवळ नळ. ताईंनी गाडी लावली. दुसऱ्या दिवशी सान जिमिन्यानोला जायचं होतं. सकाळी साडूभाऊ गाडीच्या चावीवर हात ठेवून म्हणाले, "बसने जाऊ."

"का?"

"काढली की जागा जाईल."

आणि आम्ही गेलो. वाटेत पोजिबोन्सीला बस बदलून, उभ्याने. सासूबाईंना जागा मिळाली. टस्कनीच्या टेकड्या बसच्या उंच खिडकीतून छान दिसतात, हे मला कबूल केलं पाहिजे. भाड्याची गाडी झाडाखाली सुखरूप होती आणि तिचं दिवसाचं भाडं चालू होतं.

या सगळ्याचा हिशेब पुढे नौपाड्यात लागला. आम्ही परतल्यावर काही महिन्यांनी ताईंच्या कार्डातून गाडीवाल्यांनी थोडे युरो कापले. कशाचे? तर पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे. दंड वेगळाच होता, तो मागून रजिस्टर पत्राने आला. इटलीत जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळेत बंदी असते. दांडा नसतो, शिपाई नसतो, फक्त लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांच्याकडे तीनशे साठ दिवस असतात, आणि पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट. एका गावात आम्ही त्या पाटीखालून आत गेलो होतो. कारण उजव्या सीटवरून "उजवीकडे घे, पांढरी दिसतेय" असं कोणीतरी म्हणालं होतं.

साडूभाऊ म्हणाले, नोटीस ताईंच्या नावावर आहे, तेव्हा कायदेशीर जबाबदारी त्यांची. मी म्हणालो, अपील करू. सासूबाई म्हणाल्या, कॅमेऱ्यात मी दिसत असेन तर फोटो मागवा. ही चर्चा तिसऱ्या दिवशी रंगात आली तेव्हा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्यांनी पहिल्याच रात्री सूट घेऊन भरून टाकलं.

पुढच्या वर्षी जपानला जायचं घाटतंय. मी अर्थातच शिंकान्सेनच्या बाजूने आहे. साडूभाऊंनी मात्र माहिती काढली आहे: तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, आपला आंतरराष्ट्रीय परवानाही चालतो.

"म्हणजे या खेपेला उजवी सीट माझी," ते म्हणाले.

ताईंनी बँकेचा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला.