मेणाच्या शिक्क्यासकट

तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बड्या घरातल्या थोरल्याच्या वाट्याला जमीन येई आणि धाकट्याच्या वाट्याला देव. ग्लॉस्टरच्या अर्लचा मुलगा बोगो द क्लेअर याच्या वाट्याला तर देव अगदी भरभरून आला. वीसावर गावांच्या चर्चांचं उत्पन्न त्याच्याकडे येत असे. ती गावं त्याला बहुधा नक्षत्रांसारखी असावीत: नावं ठाऊक, जाण्याचा प्रश्नच नाही. एका माणसाने असं एकच चर्च सांभाळावं, असं १२१५च्या लॅटरन परिषदेने बजावलं होतं खरं. पण थोरामोठ्यांना पोपकडून सूट मिळे, आणि अनेक चर्चं गोळा करण्याची ऐपतही थोरामोठ्यांनाच असे. नियम बिचारा उरलेल्यांनी पाळायचा.

बोगोच्या घरखर्चाच्या वह्या अजून शिल्लक आहेत. पाकातल्या आल्यावर त्याने एका वर्षात जेवढे पैसे उडवले, तेवढे त्याच्या एका गावच्या बदली पाद्र्यालाही मिळत नसत, असं इतिहासकार सांगतात. अशा पाद्र्यासाठी ऑक्सफर्डच्या परिषदेने १२२२ साली वर्षाला किमान ५ मार्क ठरवले होते, म्हणजे साडेतीन पौंडांहूनही कमी. माझं मन मात्र त्या बिननावाच्या माणसापाशीच रेंगाळतं. मध्यरात्री कुणाची तरी आजी शेवटचा श्वास मोजत असताना चिखल तुडवत तोच जायचा. बारशाला तोच, मातीला तोच. गावाला बोगोची आठवण होत असलीच, तर ती धान्याचा दशमांश गाड्यांवर चढताना.

एकदा मात्र धर्मपीठाने बोगोला गाठायचं ठरवलं. १२९० साली कँटरबरीच्या आर्चबिशपचं समन्स घेऊन जॉन नावाचा निरोप्या त्याच्या लंडनच्या घरी गेला. नोकरांनी त्याला पकडून ते पत्र खायला लावलं, लोंबत्या मेणाच्या शिक्क्यासकट. चामड्यावर लिहिलेलं ते शासन चावायला किती वेळ लागला असेल, आणि मेण आधी की मजकूर आधी, हे दप्तरात कुणी टिपलेलं नाही. प्रकरण थेट राजापुढे, पार्लमेंटात गेलं. आपण असा हुकूम दिलाच नव्हता, हा बोगोचा बचाव.

मला तो अगदीच खोटा वाटत नाही. इतक्या गावांत गैरहजर राहायची सवय जडलेला माणूस स्वतःच्या घरात तरी कितीसा हजर असणार?