डुक्कर फियाटीतली कुळं

आमच्या मामांची डुक्कर फियाट निपाणीच्या तंबाखू वखारीत उभी आहे, हे आमच्याकडे प्रत्येक पोर बोलायला लागल्यापासून ऐकत आलंय. ‘उभी’ म्हणणं हे सौजन्य. चारही टायर बसून रिमा भुईला टेकलेल्या, बॉनेटवर तंबाखूच्या भुग्याचा पिवळट थर, आणि टपावर कुणीतरी तात्पुरती म्हणून ठेवलेली रिकामी बारदानं, जी आता गाडीचाच भाग झालीत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची दारं उलटी उघडणारी. नंबर जुन्या म्हैसूर राज्याचा, ‘एमवाय’नं सुरू होणारा. ती एकदा वखारीत शिरली. बाहेर १९७३ साली म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं. गाडी जागची हलली नाही. जागचं न हलता पत्ता बदलण्याची आमच्या भागाला सवयच आहे.

ती दुरुस्त करायचं मामांच्या डोक्यात आलं ते मोबाइलमुळे. कुठल्याशा जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत अस्सल हीच गाडी, तशाच डुकरासारख्या तोंडाची, झेंडूचा हार घालून चाललेली त्यांनी बघितली. लगेच मला बेळगावला फोन. “भाच्या, असली गाडी आपल्याकडं हाय की रं! ये, काढूया भाईर.”

वखारीच्या राखणदाराला मी आधी विचारलं, गाडीत उंदीर आहेत का? तो ठामपणे म्हणाला, “इली इल्ला री.” म्हणजे उंदीर नाहीत. तेवढ्यात डॅशबोर्डाच्या मागून काहीतरी खुडखुडलं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. त्यानं वाक्य मागे घेतलं नाही, फक्त टॉर्च माझ्या हातात दिली.

आत कागदी मालक आणि प्रत्यक्ष कब्जेदार यांचा जुनाच पेच होता. आरसी बुक मामांच्या नावावर, वहिवाट उंदरांची. कर्नाटकात १९७४ साली सुधारलेला कूळ कायदा लागू झाला तेव्हा मामांचा एक पट्टा कुळांकडे गेला, त्यामुळे ‘कब्जा’ हा शब्द काढला की त्यांची मान ताठ होते. इथे तर मागची सीट कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. स्प्रिंगांवरचा काथ्या पिंजून त्यांनी घरं बांधली होती. एका घराचं बांधकाम मी टॉर्चच्या उजेडात निरखून पाहिलं. तळाला काथ्या, त्यावर सीटचा कापूस, मग बिडीबंडलाची गुलाबी लेबलं, आणि सगळ्यात आत, पिल्लांच्या अंगाखाली, मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांच्या बोटभर पट्ट्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दोन्ही बाजू बारकाईनं कुरतडून एकत्र अंथरल्या होत्या. कडेला शेंगांची टरफलं, आणि सगळीकडे लेंड्या. वास असा की मामांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि म्हणाले, “जरा वारा लागला की जाईल.”

हायवेच्या गॅरेजातून मेस्त्री आले. निपाणीत मेस्त्री-ड्रायव्हर लोकांचा तोटा नाही. पुणे-बंगळूर रस्ता गावाला लागून जातो, आणि पिठाची गिरणी चालवता चालवता महादेव मोऱ्यांनी ह्याच लोकांच्या कथा लिहिल्या. आमच्या मेस्त्रींनी गाडीला एक चक्कर मारली आणि निदान केलं. “सावकार, ब्याटरी जोडूया, स्टार्टर मारूया. आत काय असंल ते आपोआप पळतंय बघा.”

आता, उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत असतात. ते झिजवायला त्याला काहीतरी चावत राहावं लागतं, आणि वायरीचं आवरण त्या कामाला उत्तम. ह्या गाडीतल्या निम्म्या वायरी तांब्यापर्यंत सोललेल्या. त्यात नवी बॅटरी जोडायची म्हणजे वाळलेल्या काथ्याला आणि कापसाला काडी लावायची. वर टाकीत तळाला राहिलेलं जुनं पेट्रोल, त्याचा झालेला राळेसारखा चिकटा. मी म्हणालो, मेस्त्री, बॅटरी सगळ्यात शेवटी. तोवर टाकी उघड्यावर रिकामी करा.

“मग हवा मारतो,” मेस्त्री म्हणाले.

हवा मारणे हा आमच्या भागातल्या गॅरेजांचा सार्वत्रिक इलाज आहे. कार्ब्युरेटर तुंबला, हवा मारा. प्लग काळा पडला, हवा मारा. कोपरा धुळीनं भरला, हवा मारा. पण वाळलेल्या लेंड्या आणि मूत सुकलेल्या काथ्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली की त्याची जी धूळ उठते ती थेट छातीत जाते. झाडू मारला तरी तेच, नुसता व्हॅक्यूम फिरवला तरी तेच. २०२५ साली अमेरिकेत नट जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा हंताव्हायरसनं गेल्या. त्यांच्या आवारातल्या गॅरेजांत उंदरांची घरटी आणि लेंड्या सापडल्या. तो विषाणू वाहणारे तिकडचे उंदीर वेगळे, आपल्याकडे तो क्वचितच. पण आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस आहे, तो उंदराच्या मुतातून येतो आणि हाताच्या साध्या खरचटण्यातून आत शिरतो. आणि प्लेगबद्दल बेळगावकराला कुणी शिकवायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईमागोमाग तो आमच्या गावातही आला होता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं की खरा वाहक उंदराच्या अंगावरची पिसू आहे. उंदीर मेला की ती नवं बिऱ्हाड शोधते. म्हणून मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलणाऱ्या शूर पुरुषांचा मला धाक वाटतो.

हे सगळं मी मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हवा कवा मारायची?”

ब्रेकच्या डब्यांतही नाही, मी म्हणालो. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ तर उंदरापेक्षा वाईट. तिथेही ओलं फडकंच. आता मेस्त्रींना माझा राग आला. माणसाच्या हातातलं एकुलतं एक शस्त्र काढून घ्यायचं म्हणजे काय?

एव्हाना वखारीत बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले. आमच्याकडचा ड्रायव्हर असो की डॉक्टर, उंदरांवर त्याचा सल्ला एकच: बॉनेटात तंबाखूची पानं ठेवा, वासानं पळतात. तंबाखूत निकोटिन असतं, कीटकनाशक म्हणून ते एके काळी शेतात फवारलंही जायचं, हे खरं. पण ही फियाट तंबाखूच्या बोदांमध्ये अर्धीअधिक गाडलेली. हे उंदीर जन्मले तंबाखूत, वाढले तंबाखूत, त्यांच्या पोरांची बारशी तंबाखूत झाली. त्यांना पान दाखवलं तर ते चुना मागतील. वखारीत पाखड करणाऱ्या एका आजी मात्र मोलाचं बोलल्या. “बाळ, सीटखाली हात घालू नको. जिथं उंदीर, तिथं धामण. नाग बी असतोय.” मी आधी लांब काठीनं सीट ढकलून बघितली. धामण नव्हती, पण तिची कात मात्र क्लचच्या पेडलाला गुंडाळलेली होती. म्हणजे कुळांकडून खंडणी वसूल करणारंही कुणीतरी होतं.

पहिली पायरी कुळं हलवायची. विष घालायचं नाही, असं मी बजावलं. विष खाल्लेला उंदीर शहाण्यासारखा बाहेर येऊन मरत नाही; तो दाराच्या पत्र्याच्या पोकळीत जाऊन मरतो आणि पुढचे कित्येक आठवडे गाडीत कुणी नाक उघडू शकत नाही. म्हणून पिंजरे लावले, आत सुकट. सकाळी जे सापडले ते राखणदारानं कुठं नेले हे मी विचारलं नाही.

मग आठ-दहा जणांनी गाडी ढकलून उन्हात आणली. बंद वखारीत हे काम करायचंच नाही. चारही दारं, बॉनेट, डिकी उघडून सगळ्यांना लांब उभं केलं. निदान अर्धा तास वारा जाऊ द्यायचा. मामांना तो अर्धा तास म्हणजे माझा आळस वाटला. तेवढ्यात मी रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल आणि फेकून देण्याच्या लायकीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला. मेस्त्रींचा पोऱ्या मला बघून खो-खो हसला आणि त्यानं लगोलग फोटो काढला.

द्रावण साधं: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ-दहा भाग, त्याच दिवशी कालवलेलं. ते फवाऱ्यानं हळूच घरट्यांवर आणि लेंड्यांवर मारायचं, जोरात नाही, आणि सगळं चिंब होऊ द्यायचं. पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग कागदानं, फडक्यानं उचलून प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड गच्च. मधेच एक शेजारी “ह्यात जरा ॲसिड घाला, लवकर निघंल” म्हणत संडास धुण्याची बाटली घेऊन आले. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून त्यांना बाटलीसकट परत पाठवावं लागलं. ब्लीच पत्र्यालाही चावतं, त्यामुळे ते काम झालं की साध्या ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडं करायचं, उन्हात ठेवायचं. सीटा काढून बाहेर, काथ्या सगळा पिशवीत. दारांची आतली पुठ्ठ्याची अस्तरं तर हात लावताच विरघळली.

सीटांखालचा पत्रा मात्र बघण्यासारखा होता. वर्षानुवर्षांच्या मुतानं तो असा खाल्ला होता की त्यातून निपाणीची माती दिसत होती. मेस्त्री वाकले, बोटानं टोकरलं, बोट आरपार गेलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. सगळ्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीचं काही निघालं होतं. “टिनकाम हाय सावकार. भरपूर हाय.”

इंजिनाची बाजू वेगळी आणि बसायची बाजू वेगळी, मधे पत्र्याची भिंत. त्या भिंतीतून वायरी जायला भोकं असतात आणि त्यांना रबरी बुचं असतात. रबर केव्हाच गेलं होतं, त्यामुळे उंदीर ह्या हद्दीतून त्या हद्दीत विनापरवाना ये-जा करत होते. एअर-क्लीनरच्या डब्यात तर शेंगांचं कोठार लागलं. सायलेन्सरच्या नळीतही टरफलं. स्टार्टर मारला असता तर ती काय करतात ते बघायला मिळालं असतं, असं मेस्त्री अजूनही हळहळून म्हणतात.

संध्याकाळी हातमोज्यांवरूनच आधी साबणानं हात धुतले, मग मोजे काढून परत धुतले. तरी मामींनी घरात घेतलं नाही. मागच्या दारी हंड्यात गरम पाणी, माझे कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत, आणि अंगाला मामांचं जुनं धोतर. गावातून कुणी भाचा मयताला आलाय का म्हणून विचारून गेलं.

मेस्त्रींनी अंदाजपत्रक बिडीच्या लेबलामागे लिहून आणलं. टिनकाम, वायरिंग, टाकी, सीटा, टायर, सगळ्यापुढे भरघोस आकडे. तळाला एक ओळ होती, ‘साफसफाई – भाचा’, आणि पुढे शून्य. मामांनी फक्त तेवढ्याच ओळीवर मान डोलावली.

स्वच्छ झालेल्या गाडीत रात्री एक पिंजरा ठेवायचा, कुणी मागे राहिलंय का ते कळायला. मी ठेवला. सकाळी आत एक जाडजूड, मिशाळ, म्हातारा उंदीर बसलेला, सुकट संपवून. ह्याचं काय करायचं म्हणून मी मामांकडे बघितलं. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि मामा त्याच्या प्रत्येक तारखेचा पेपर जपून ठेवतात. त्यांनी पिंजऱ्यात बराच वेळ टक लावून बघितलं.

“कोगनोळीच्या पुढं ने,” ते म्हणाले, “आणि दूधगंगा वलांडून पल्याड सोड. आमचं १९५६ पासनं जमलं न्हाई. ह्याला तरी म्हाराष्ट्रात जाऊ दे.”