हजेरीपटावर पंचवीस

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. खुद्द पंतप्रधान आले होते. माणसाची ओळख पक्की करायचं काम जिथून सुरू झालं, तिथल्या आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात आज आधारची प्रत काढून देणारा संगणक स्वतः बोगस नावानं नांदतो आहे.

त्याचं बारसं केलं मेकॅनिकभाऊंनी. नाव सांगत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह लटकवणारा कोणीही डोळ्यांसमोर आणा. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फॉन्ट, सगळं तीनशे रुपयांत, चहा धरून. धोक्याचं विचारलं की एकच उत्तर, ‘काही व्हत नही, भाऊ!’

यामागची कारागिरी मात्र दाद देण्याजोगी. मोठ्या कचेऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं केएमएस नावाची सोय केली. दर मशीनला वेगळी किल्ली नको, कचेरीतल्याच एका सर्व्हरनं विंडोज अधिकृत असल्याचा शिक्का मारावा. विंडोजसाठी अट किमान २५ मशीनची. शिक्का १८० दिवसांचा, मग नूतनीकरण. भाऊंचं ॲक्टिव्हेटर त्याच मशीनच्या पोटात खोटा सर्व्हर बसवतं आणि पंचवीस जण हजर असल्याचं ठोकून देतं. मजूर एक, हजेरीपटावर पंचवीस. रोजगार हमी जन्माला घालणाऱ्या महाराष्ट्राला ही विद्या बाहेरून आणायची खरं तर गरज नव्हती.

ॲक्टिव्हेटर बसवण्याच्या विधीची सुरुवात अँटिव्हायरस बंद करण्यापासून होते. पाहुणा दारातून ओरडतो, ‘कुत्रं बांधा’, तसंच हे. फरक इतकाच की हा पाहुणा गेल्यावरही कुत्रं सोडायचं नसतं. ‘या फोल्डरकडे बघू नकोस’ अशी ताकीद त्याला कायमची दिलेली असते. त्या फोल्डरात पुढे कोण मुक्कामाला येतं, ते भाऊंनाही ठाऊक नसतं.

२०२१ साली रेड कॅनरी या अमेरिकी कंपनीला केएमएसपिको नावाच्या ॲक्टिव्हेटरसोबत क्रिप्टबॉट सापडला. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलणं हा त्याचा धंदा. केएमएसऑटोच्या नावाखाली लिथुआनियाच्या एका तरुणानं पसरवलेला माल तर जगभर २८ लाख वेळा उतरवला गेला, असा दक्षिण कोरियाच्या पोलिसांचा आरोप आहे. क्रिप्टोचे पैसे पाठवणाऱ्यानं कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलायचा. तिकडे चोरसुद्धा किती सोवळ्यानं काम करतात बघा, कुलपाला हात नाही.

आता आमचा गडी कसा, तर बाजार समितीत मिरचीची पोती उघडल्यावर वाण लाली की फापडा हे लांबून ओळखणारा. देठ मोडील, बी बघील, ओल किती ते मुठीत दाबून सांगील. एका क्विंटलसाठी अर्धा तास घासाघीस. आणि तोच गडी कुठल्या देशातल्या कोणी बांधली ठाऊक नसलेली झिप फाइल डोळे मिटून उघडतो, वर तिनं मागितले म्हणून मशीनचे सगळे अधिकार देऊन टाकतो. मग त्याच मशीनवर बँकेचं खातं उघडून मिरचीचे पैसे जमा झाले का, ते बघतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. आमच्या गल्लीतल्या दुकानात मात्र धंदाच चालतो. फुकटात हवंच असेल तर लिबरऑफिस आहे, सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे. पण ते रीतसर फुकट मिळतं, त्यात मर्दुमकी काय?

पुढच्या वेळी बँकेचा पासवर्ड घेऊन अशा दुकानात बसाल, तेव्हा पडद्याचा उजवा खालचा कोपरा बघा. तिथं ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं दिसली तर खुशाल बसा, मशीन निदान खरं बोलतंय. कोपरा स्वच्छ असेल आणि दुकानदाराकडे विंडोजचं बिल नसेल, तर झेरॉक्स तेवढी घ्या आणि घरी जा.